भिंतीला वळण का आहे

मशीनवर कोरलेला पहिला नमुना आला तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग घाम फुटला. काळ्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर आमच्या लिपीतलं एका शिपायाचं नाव होतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसली होती आणि जोडाक्षरं मधोमध फुटली होती. कारखान्यातला माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही पाठवलेलं चित्र जसंच्या तसं कोरलंय." त्याच्या दृष्टीने ते चित्रच होतं. मी मात्र मनात म्हटलं, हे लावलं तर ज्याचं नाव आहे तोच ते ओळखायचा नाही.

तेव्हा मला त्या परक्या देशात येऊन नऊ वर्षं झाली होती. एका छोट्या बांधकाम कंपनीत मी इंजिनिअर होते. शहराच्या कडेला एक जुनी दफनभूमी आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका लढाईत आमच्या देशाचे सत्तावीस शिपाई तिथला पूल दोन दिवस धरून बसले आणि तिथेच पडले. गावच्या लोकांनी त्यांना याच दफनभूमीत एका ओळीत पुरलं आणि वर लाकडी पाट्या लावल्या. पाट्या कुजून गेल्या, पण नावं पलटणीच्या वहीत राहिली. आता त्यांचं स्मारक बांधायचं ठरलं होतं आणि ते काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. नकाशात एक चौकोन आखलेला होता आणि त्या चौकोनात वीस फुटी स्तंभ उभा करायचा होता.

त्या रात्री मी मामाला फोन केला. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं त्याने शाळांच्या, दवाखान्यांच्या, पुलांच्या कोनशिला कोरल्या. उद्घाटन करणारे पुढारी बदलले, पण नावं मामाच्याच हातची.

"अगं, मी विमान फक्त खालून बघितलंय," तो म्हणाला.

मागून मामीचा आवाज आला, "अहो, जा की! घरात बसून माझ्या डोक्यावर टाकी चालवण्यापेक्षा तिकडे दगडावर चालवा."

महिन्याभरात मामा आला. पाठीवर छोटी पिशवी, आणि सामानात बारा किलो लोखंड: टाक्या, दोन हातोड्या, गुण्या, ओळंबा. माझ्या दोन खोल्यांच्या घरात त्याने खिडकीखालची जागा पकडली, टाक्या धार बघून ओळीने मांडल्या आणि विचारलं, "दगड कधी दाखवतेस, इंजिनेरबाई?"

मी म्हटलं, "आधी जागा बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. मी नकाशा धरला, मामाने खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. चौथी खुंटी ठोकून होते ना होते तोच मागून एक म्हातारी आली. ऐंशीच्या पुढची, ताठ, एका हातात पाण्याची झारी आणि दुसऱ्या हातात घडीची खुर्ची. तिने शेजारच्या एका थडग्यावरच्या फुलांना पाणी घातलं, मग आमची दोरी ओलांडली, बरोबर चौकोनाच्या मध्यभागी खुर्ची उघडली आणि बसली.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, रोज इथे बसत असेल. मी म्हटलं, "आजी, आम्ही तुमच्यासाठी तिकडे बाक ठेवू."

"बाक कशाला? इथे बसायला नाही, निजायला यायचंय मला." तिने शेजारच्या थडग्याकडे बोट केलं. "हा माझा नवरा. एकोणीस वर्षं झाली. त्याच्या शेजारची ही जागा माझ्या नावावर आहे. कागद आहे घरी."

मामाने विचारलं, "काय म्हणतेय?"

मी सांगितलं. मामाने लगेच डोक्यावरची टोपी काढली, दोरी सोडली आणि गुंडाळायला लागला.

"अरे, थांब ना! नकाशात हीच जागा आहे," मी म्हटलं.

"नकाशा तुझा. जागा तिची. मी कोणाच्या उरावर खांब उभा करणार नाही."

आता कचेरीत जाणं आलं. स्मारकाचं काम बघणारे साहेब आमच्याच देशाचे. माणूस वाईट नव्हता, पण नियमावर बोट ठेवून जगलेला. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. "हा नकाशा अधिकृत आहे. बाईंना दुसरी जागा देऊ. चांगली, कोपऱ्यातली, झाडाखाली."

मी हा निरोप आजीला सांगितला. तिने ऐकून घेतला आणि म्हणाली, "तुझ्या साहेबाची बायको आहे ना? तिला विचार, नवऱ्याला सोडून ती झाडाखाली निजेल का." मग म्हणाली, "आणि तुमची पोरं इथे नाहीतच मुळी. ती तिकडे आहेत, कुंपणाच्या भिंतीलगत. माझ्या सासूने त्यांना पुरताना बघितलं होतं. तेव्हा ती सात वर्षांची होती."

मी ते साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "सात वर्षांच्या मुलीने बघितलेलं, तिने सुनेला सांगितलेलं! कागदावर काय आहे ते बोला."

शेवटी ठरलं की चौकोनात आधी एक चाचणीचा खड्डा घ्यायचा. पायासाठी तसाही तो घ्यावाच लागणार होता. आजीला सांगायची हिंमत मला झाली नाही. तिचा दवाखान्याचा दिवस होता तो गाठून आम्ही खणलं. मामा खड्ड्यात उतरला, माती बोटांत चोळली, बाजूच्या थरांवरून हात फिरवला आणि वर बघून म्हणाला, "ही जमीन जन्मापासून हललेली नाही. बघ, थर कसे सलग आहेत. इथे माणूस काय, कांदासुद्धा कोणी पुरलेला नाही."

तेवढ्यात आजी दवाखान्यातून लवकर परतली. खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली. खाली मामा, वर मी. आमची दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली असणार.

"माझ्या आधी माझा खड्डा खणलात होय?" ती म्हणाली. "डॉक्टर आत्ताच म्हणाला, तब्येत ठणठणीत आहे. बुजवा तो." त्यापुढे ती बराच वेळ बोलत राहिली.

"काय म्हणतेय?" मामाने खालून विचारलं.

"म्हणतेय, खड्डा बुजवा."

"एवढंच? केवढं बोलली."

बाकीचं मी गाळलं होतं. मामाने माझ्याकडे बघितलं, समजला, आणि निमूटपणे फावडं उचललं. खड्डा बुजवून वरची माती त्याने हाताने थापून सारखी केली. आजी शेवटपर्यंत उभी राहून बघत होती. जाताना तिने पिशवीतून एक सफरचंद काढून त्याच्या हातावर ठेवलं.

शिपाई चौकोनात नव्हते हे आता उघड झालं होतं. ते मग होते कुठे? भिंतीलगत खणायचं म्हटलं तर दफनभूमीचा रखवालदार आडवा आला. हा पन्नाशीचा, अबोल माणूस. फाटकाजवळच्या खोलीत राहायचा. भिंतीखाली पाण्याचा पाइप आहे, तो फुटेल, असं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, भिंत कच्ची आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाला, तिकडे झाडांची मुळं आहेत.

"हा काहीतरी लपवतोय," मी मामाला म्हटलं.

"लपवत नाहीये, घाबरलाय," मामा म्हणाला. "लपवणारा माणूस एकच कारण धरून बसतो."

मामाची आणि रखवालदाराची भाषा एक नव्हती, पण रोज दुपारी मामा त्याच्या खोलीत चहा प्यायला जायचा. रखवालदाराच्या कुदळीला धार लावून द्यायचा, तो मामाला साखर जास्त घालून द्यायचा. दोघं तासभर गप्प बसायचे. मी एकदा विचारलं, "काय बोलता रे तुम्ही?" तर म्हणाला, "बोलायचं कशाला? जेवण झाल्यावर बोलणाऱ्याशी माझं पटत नाही."

आठवडाभराने रखवालदाराने मला हाक मारून आत बोलावलं. मामा तिथेच बसला होता. रखवालदाराने कपाटातून पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर पालथा केला. आतून हिरवट पडलेलं पितळी बक्कल बाहेर आलं. शिपायाच्या पट्ट्याचं.

"एकोणीस वर्षांपूर्वी सापडलं," तो म्हणाला. "मी नवीनच लागलो होतो इथे. त्या बाईंच्या नवऱ्यासाठी खणत होतो. साडेपाच फुटांवर हाडं लागली, आणि हे. तेवढ्यात फाटकातून पेटी आत आली. बाई पेटीमागून चालत होत्या. मी काय करणार? थांबा म्हणू? दुसरीकडे खणायला चार तास लागले असते. मी वर चढलो, माझा स्वच्छ सदरा काढला, खाली उतरून त्या हाडांवर घातला, वर माती लोटली, आणि पेटी त्याच्यावर ठेवली. आजवर कोणाला बोललो नाही. बाई रोज येतात. रोज मला नमस्कार करतात. मला तोंड वर करवत नाही."

मी मामाला सांगितलं. मामाने बक्कल हातात घेऊन अंगठ्याने पुसलं. मग म्हणाला, "त्याला सांग, सदरा घातला ना, तेवढं फार लोक करत नाहीत."

मी सांगितलं. रखवालदाराने नाक शिंकरलं आणि चहाचं पाणी पुन्हा ठेवलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. साहेबांना कळवावंच लागलं. जुनी हाडं ओळखणारी एक तज्ज्ञ बाई आली. तिने भिंतीलगत तीन ठिकाणी हातभर रुंदीचे खड्डे घेतले. पाइपही नव्हता आणि मुळंही नव्हती. तिन्ही ठिकाणी बटणं, बुटाचे खिळे आणि हाडं मिळाली. तिने कशालाच हलवलं नाही. मोजमापं घेऊन पुन्हा झाकलं. सत्तावीस जण भिंतीच्या कडेने एका चरात झोपले होते, आणि चराचं शेवटचं टोक आजीच्या नवऱ्याच्या थडग्याखाली गेलं होतं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आता त्या गृहस्थांना तिथून हलवावं लागेल. मगच खालचा शिपाई मोकळा होईल. बाईंची परवानगी घ्या."

"तुम्ही घ्या ना, साहेब," मी म्हटलं.

"तुम्हाला भाषा चांगली येते."

म्हणजे नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं, आणि प्रत्येक विघ्नाला पुढे मी. मी आजीच्या घरी गेले. मामा म्हणाला, मीही येतो; आणि रखवालदार न बोलावता आमच्या मागोमाग आला. स्वयंपाकघरात गोल टेबल होतं, त्याच्याभोवती तीनच खुर्च्या. रखवालदार दाराला टेकून उभा राहिला. मी बोलायला सुरुवात केली, पण रखवालदारच मध्ये बोलला. सगळं त्यानेच सांगितलं, अगदी सदऱ्यासकट.

गॅसवरचं दूध उतू जायला आलं तेव्हा आजी उठली, गॅस बंद केला, आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं, रडतेय. वळली तेव्हा डोळे कोरडे होते.

"केवढा होता तो?" तिने विचारलं.

"कोण?"

"खालचा पोरगा."

मी म्हटलं, तज्ज्ञ बाईने बघितलेले सगळेच वीस-एकवीस वर्षांचे होते, तोही तेवढाच असावा.

"माझा नवरा बहात्तरचा. शिकवायची फार खोड त्याला. जो समोर येईल त्याला इतिहास समजावत बसायचा." ती खुर्चीत बसली. "एकोणीस वर्षं त्या पोराच्या डोक्याचा भुगा केला असेल." मग ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला सारखं वाटायचं, थंडीत एकटा पडलाय. एकटं राहायची सवयच नव्हती त्याला."

रखवालदार दारातून म्हणाला, "माझं चुकलं."

"चुकलंच तुझं," आजी म्हणाली. "सांगायला हवं होतंस. मी फुलं जास्त आणली असती." तिने कपाटातून चौथा कप काढला आणि त्याला आतून स्टूल आणायला सांगितलं.

मी हलवण्याचा विषय काढला. तिने हात वर करून मला थांबवलं. "कोणाला हलवायचं नाही. ना माझ्या माणसाला, ना तुमच्या. झोपलेल्या माणसाला उठवू नये, एवढं तरी तुमच्या साहेबाला कळत असेल."

मामाने विचारलं, "काय म्हणतेय?" या वेळी मी एक शब्दही गाळला नाही.

मामा त्या रात्री जेवला नाही. माझ्या टेबलावर कागद घेऊन बसला. सकाळी मला उठवून दाखवलं: स्तंभ नाहीच. चराच्या कडेने, कोणाच्याही अंगावर न येता, गुडघ्याच्या वर येईल एवढी ठेंगणी दगडी भिंत. वरचा माथा रुंद आणि उतरता, त्यावर सत्तावीस नावं. शेवटच्या टोकाला भिंत सरळ न जाता आजीच्या नवऱ्याच्या थडग्याला आणि शेजारच्या तिच्या जागेला हलकं वळण घेऊन बाहेरून जाते.

मी पायाचं गणित करून बघितलं. खोल पाया लागतच नव्हता. स्तंभापेक्षा दगड थोडा जास्त, पण खणणं जवळपास नाही.

साहेबांनी रेखाचित्र उलटंसुलटं करून बघितलं. "मिस्त्री, ही भिंत वाकडी आहे."

"वाकडी नाही साहेब, वळलेली आहे."

"स्मारक कसं दुरून दिसलं पाहिजे. मान वर करून बघायला हवं लोकांनी."

"मान वर केली की माणूस आभाळ बघतो," मामा म्हणाला. "ही माणसं खाली आहेत. नाव वाचायला वाकावं लागलं तर बिघडलं कुठे?"

साहेब म्हणाले, "आणि वळण? लोक विचारतील, आखणी चुकली का. माझ्या नावावर येईल ते."

"सरळ नेली तर त्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवरून जाते. आणि त्याच्या खाली आपला पोरगा आहे. एका भिंतीखाली दोघं. तसं म्हणाल तर तसं, मी फक्त मिस्त्री."

साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. दोन मिनिटांनी म्हणाले, "तज्ज्ञ बाईंचा अहवाल जोडा. आणि वळणाचं माप अचूक लिहा. अंदाजे म्हणून काही नको मला."

पाच आठवडे मामा कोरत होता. दफनभूमीच्या फाटकाशी आम्ही त्याला ताडपत्रीचं छप्पर करून दिलं. आधी तो खडूने अख्खं नाव लिहायचा, दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करून बघायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. मग टाकी. पलटणीच्या वहीत नावं परक्या लिपीत होती आणि लिहिणाऱ्याला आमचे उच्चार जमले नव्हते. एकेका नावावर मामा मामीला फोन लावायचा. "हे असं नाव कुठल्या बाजूला असतं गं? ण की न?" मामी भाजी निवडता निवडता निकाल द्यायची. तरी आम्ही गावोगावी पत्रं पाठवून सहा नावं घरच्यांकडून पक्की करून घेतली. बाकीच्यांचं कोणी सापडलं नाही.

चौदाव्या नावाला दगडाचा टवका उडाला. नावातल्या शेवटच्या अक्षराचा काना गेला. मामाने टाकी खाली ठेवली. मी म्हटलं, "भरून घेऊ, आजकाल चांगला मसाला मिळतो."

"नाही. हा दगड गेला. दुसरा आण."

"एक काना तर आहे, मामा."

"त्याच्या घरी तो काना लावून हाक मारत असतील," मामा म्हणाला.

दुसरा दगड यायला नऊ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मामाने रखवालदाराच्या खोलीचा मोडका उंबरठा बसवून दिला.

आजी रोज येऊन खुर्ची टाकून बसायची. आमच्या लिपीतलं तिला काही कळत नव्हतं, पण वरची रेघ तिला फार आवडली. "ही सगळी अक्षरं एका दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात," ती म्हणाली. मामाला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला टाकी खाली ठेवावी लागली.

अनावरणाला दोन्हीकडचे अधिकारी आले. बिगूल वाजला, भाषणं झाली. साहेबांचं भाषण आटोपशीर होतं. मामा शेवटच्या रांगेत नव्या सदऱ्यात अवघडून बसला होता. साहेबांनी त्याला पुढे बोलावलं, शाल दिली. शाल घेऊन तो खाली उतरला आणि कुठे बसावं ते न कळून रखवालदाराशेजारी जाऊन उभा राहिला.

गर्दी पांगल्यावर आजीने मला सांगितलं, "त्याला म्हणावं, मला वाचून दाखव."

मामा वाकला आणि पहिल्या दगडापासून वाचायला लागला. एकेक नाव तो सावकाश घ्यायचा, आजी ते तिच्या जिभेला येईल तसं परत म्हणायची. निम्मी तिला जमेचनात. अकराव्या नावाला तिचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा ती सरळ भिंतीच्या मोकळ्या टोकावर बसली. लांबून साहेब लगबगीने आले. "अहो, स्मारक आहे ते! त्यांना सांगा—"

"बसू द्या, साहेब," मामा म्हणाला. "दगड चांगला आहे. पेलेल."

मग साहेबही ऐकत उभे राहिले. सत्तावीस नावं पूर्ण व्हायला अर्धा तास लागला. मग आजीने विचारलं, "यातला आमच्याकडचा, माझ्या माणसाखालचा, कुठला?"

मामाने मान हलवली. ते कोणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. आजी थोडा वेळ वळणापाशी उभी राहिली आणि मग म्हणाली, उशीर झाला, औषधाची वेळ झाली. रखवालदार तिची खुर्ची घेऊन तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेला.

मामा परत गेला त्याला आता तीन वर्षं झाली. आजी अजून ठणठणीत आहे. स्मारक बघायला लोक येतात. कधी आपल्याकडचे, कधी दुसऱ्या शहरांतले, जिथे अशीच कामं व्हायची आहेत. बहुतेक जण विचारतात, भिंतीला वळण का आहे. मागच्या महिन्यात मी तिथे होते, तेव्हा साहेब एका मोठ्या पाहुण्यांना भिंत दाखवत होते.

"या वळणामागे आमचा एक विचार होता," साहेब सांगत होते. "स्मारकाने इथल्या मृतांनाही जागा द्यावी. मी सुरुवातीपासून त्याबाबत आग्रही होतो."

मला इतका राग आला की घरी पोचायच्या आधी रस्त्यातूनच मामाला फोन लावला. सगळं तावातावाने सांगितलं. पलीकडे मामा नातवाला भात भरवत होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब स्वतःच्या तोंडाने म्हणाले? वळणाची कल्पना त्यांची म्हणून?"

"हो!"

"मग बरंच झालं की," मामा म्हणाला. "आता ते वळण कोणी पाडून सरळ करणार नाही."